बमाईचं नाक आणि पाटलाचं कुंपण

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्याच्या पणज्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. हेळदरे गावाच्या डोक्यावर एक सडा होता. सडा म्हणजे अंगणात शिंपतात तो नव्हे, शहाण्यांनो. डोंगराच्या माथ्यावरचं सपाट रान, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. गवत असं, की म्हैस शिरली तर नुसती शिंगं दिसायची. आणि त्या गवताच्या कडेला गवळी धनगरांची वस्ती, कारवीच्या कुडाची पाच-सात घरं.

त्या वस्तीत बमाई येडगे राहायची. उंचीला दीड हात कमी, आवाजाला दीड हात जास्त. तिनं म्हशींना हाक मारली की खालच्या गावातल्या सुना चुलीवरचं सोडून बाहेर यायच्या, असं म्हणतात. पण आवाजापेक्षा तिला तोरा होता तो नाकाचा. "माझं नाक म्हंजी सड्याचा कोतवाल," म्हणायची. "याला चुकवून एक काडी आत यायची न्हाई."

खाली गावात हैबती पाटील. माणूस वाईट नव्हता, फक्त वाकायचा नाही. देवाला नमस्कार करायचा तोसुद्धा मान ताठ ठेवून, देवानंच जरा खाली बघावं अशा बेतानं. तर हे पाटील एकदा घाटमाथ्यावर साहेबाच्या बंगल्याला तूप पोचवायला गेले आणि तिथलं कुंपण बघून येडे झाले. एकाच तुऱ्यात पिवळी फुलं, गुलाबी फुलं, केशरी फुलं! त्यांनी माळ्याला दोन शेर तूप जास्त दिलं आणि झुडपाच्या फांद्या भाऱ्यानं आणल्या. सड्याखालच्या आपल्या वावराभोवती लावायला. मिरवणूकच निघाली म्हणा, वाजंत्री तेवढी राहिली.

बमाई म्हशी घेऊन समोरून येत होती. तिनं भाऱ्यातलं एक पान ओढलं, बोटांत चोळलं, हुंगलं आणि अशी शिंकली की पुढचा गडी भाऱ्यासकट बसला.

"पाटील, हे कुटलं वो?"

"साहेबाच्या बागंतलं! मोप फुलतंय. आन् गुरं तोंड लावत न्हाईत, म्हणून तर कुंपणाला आणलं."

"गुरं तोंड लावत न्हाईत? मग पाटील, त्येला आवरायचं कुनी?"

पाटील हसले, गडी हसले. "बमे, तू काय झाडाची सोयरीक जुळवाय आलीयास व्हय? चल, म्हशी हाक!"

बमाईनं म्हशी हाकल्या. पण त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही.

झाड रुजलं. गावच्या बायांनी फुलं केसांत माळली, पोरांनी काळी फळं खाल्ली, बुलबुलांनी तर पंगतीच उठवल्या. आणि खाल्लेलं कुठं टाकायचं याचं पोरांना नि बुलबुलांना सारखंच तारतम्य, तुम्हाला ठाऊकच आहे! दोन-चार पावसाळ्यांत ते कुंपणातून उठलं आणि सड्यावर चढलं. मग बायांना वास यायला लागला आणि त्यांनी नाव ठेवलं घाणेरी. हेळदऱ्याच्या बाया नाव ठेवण्यात कधी मागं नव्हत्या, पण ओळख पटायला जरा उशीर झाला.

गावानं होळीला घाणेरी तोडली, पेटवली, बोंबा मारल्या. पाऊस पडला आणि एका खोडाला सात फुटवे आले. पुढच्या होळीला आणखी पेटवली. आणखी वाढली. होळीला तोडणं म्हणजे तिला न्हाव्याकडं नेणं, पण हे कोणाच्या ध्यानात येईना. गवत गेलं, वाटा बुजल्या. आणि एका कोरड्या सालात बमाईच्या चांदी म्हशीनं भुकेपोटी तो पाला खाल्ला. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, तिथली कातडी उन्हानं सोलली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. बमाई तिच्या गळ्यात हात टाकून सावलीत बसून राहिली, आणि चांदी गेली.

मग वस्तीचा कारभारी धाकलू म्हणाला, "वहिनी, सडा गेला. म्हशी वाचवायच्या तर आता कोकणात उतरायचं. भांडी बांधा."

"तुमी बांधा. म्या माझी भांडी पालथी घालून ठेवलीत. या झाडाचा जीव कुटं हाय ते बघितल्याबिगर सुलटी करणार न्हाई."

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो हे तिनं लहानपणी ऐकलं होतं. घाणेरीचा पोपट शोधायला ती जळक्या झुडपापुढं बसली. असं म्हणतात की तिनं त्या झुडपाला इतक्या शिव्या दिल्या की पानं आपोआप गळाली आणि बुलबुल कान झाकून उडाले. (बुलबुलाला कान कुठं असतात, हे विचारणाऱ्यानं सड्यावर जाऊन विचारावं.) मग तिनं खुरप्यानं माती बाजूला केली. बोटभर खाली खोडाला मनगटाएवढी गाठ होती. फुटवे सगळे तिथून! बमाईनं गाठीच्या खाली कुदळ घातली आणि हिसका मारला. डोंगर कण्हला आणि खालच्या ओढ्यात पाणी उसळलं, असं म्हणतात. झुडूप उलटं करून तिनं मुळं आभाळाकडं ठेवली. पाऊस आला, गेला. तिथं फुटवा आला नाही. गवत आलं.

तिनं डोंगरकड्यावर उभं राहून हाक मारली. आधी बाया आल्या, मग धाकलू आला, मग लाजत लाजत गावचे बाप्ये आले. कुदळी चालू झाल्या. आणि मग तेच झालं जे हेळदऱ्याच्या माणसाला उत्साह आला की होतं. घाणेरीबरोबर त्यांनी कारवीसुद्धा उपटली! दोन्हींची पानं खरखरीत, दोन्हींची समोरासमोर. आपल्या घराच्या भिंती आपणच मुळासकट काढतोय, हे पठ्ठ्यांना कळलंच नाही.

पाटलांना निमित्त मिळालं. "थांबवा! उद्या कूड कशाचा घालणार? हिला सुदीक फरक कळत न्हाई. बमे, समद्या गावाम्होरं डोळे बांधून वळखून दाव. एक जरी चुकलं तर कुदळी खाली आन् तुमची वस्ती कोकणात."

धाकलूचा चेहरा उतरला. बमाईनं स्वतःच पदर फाडून डोळ्यांवर बांधला.

देवळापुढं गाव जमलं. पाटलांनी एकेक डहाळी तिच्या हातात द्यायला सुरुवात केली. ती दांड्यावरून अंगठा फिरवी, पान चोळी आणि बोले.

"पेराला फुगीर गाठ, काट्यांची नखं न्हाईत, वास गवताळ. कारवी. सोडा बिचारीला, सात वर्सांनी फुलती." दुसरी. "दांडा चौकोनी, उलट्या वाकड्या नखांचा, चोळला की नाक मुठीत. घाणेरी. आन् ही बुलबुलाच्या पोटातनं आलीया." तिसरी. "ही बी घाणेरी. ही मातर पाटलांच्या नातवाच्या पोटातनं."

गाव हसून लोळलं. वारा थांबून ऐकत होता, असं म्हणतात. डहाळ्या संपत आल्या, एक चुकेना. तेव्हा पाटलांनी डाव टाकला. डहाळीऐवजी आपलं बोटच तिच्या हातात दिलं.

बमाईनं बोटावरून अंगठा फिरवला. हुंगलं. 

"हे झाड हितलंच हाय," ती सावकाश म्हणाली. "मूळ जुनं, चांगलं. याला उपटू नगा. फकस्त ह्येला वाकाय शिकवा."

 मग पाटील स्वतःच हसायला लागले, पागोटं सुटेपर्यंत हसले. त्यांनी कुदळ उचलली आणि सगळ्या गावादेखत आपल्या वावरापाशी गेले. हैबती पाटील आयुष्यात पहिल्यांदा कमरेत वाकले आणि साहेबाच्या कुंपणाच्या पहिल्या झुडपाला त्यांनी कुदळ लावली.

"बमाई," ते म्हणाले, बमे नव्हे, "अशी काय?"

"आनी जरा खाली वाका, पाटील. गाठ बोटभर खाली आसती."

धाकलूनं भांडी सोडली. वस्ती उठली नाही.

बमाई कधी गेली, कोणी सांगत नाही. एका पावसात ती गवतात शिरली आणि म्हशींसारखीच दिसेनाशी झाली, असं म्हणतात. पण बैलांच्या बेंदराआधी, माती ओली असताना, अख्खं हेळदरे आजही सड्यावर चढतं. पहिली कुदळ पाटलाच्या घरची, आणि तीही वाकून. बुलबुल बसतात त्या झाडांखाली आधी शोधायचं, असा रिवाज आहे. नव्या जावयाचे डोळे बांधून त्याच्या हातात डहाळ्या देतात. चुकला तर पुरणपोळी नाही, नुसती कटाची आमटी. कैक जावई आमटीवर परत गेलेत, त्यात एक शेतकी खात्यातला होता, पण नाव सांगून कोणाचा संसार कशाला मोडा.

परवा मुरमाच्या ट्रकबरोबर गाजरगवत गावात आलं. एस.टी.च्या थांब्यामागं उगवलं होतं, कोथिंबिरीएवढं. वस्तीतली एक सून दुधाची किटली घेऊन उभी होती. तिनं वाकून पान चोळलं, हुंगलं, पदर हातावर गुंडाळला आणि मुळासकट काढून मुळं आभाळाकडं करून ठेवलं.

थांब्यावर आलेल्या एस.टी.चा ड्रायव्हर म्हणाला, "अहो ताई, एवढंसं तर आहे. फुलू तरी द्यायचं."

ती किटली उचलून गाडीत चढली. "फुलल्यावर तर तुमच्या गावालाबी दिसतंय, दादा. हेळदऱ्याला दोन पानांवर असताना दिसतं."