काळा डबा

गाड्यांच्या काचा हाताने फिरवून खाली करायच्या, त्या काळातली गोष्ट. एका गाडीच्या एसीत, पाइपांच्या मधोमध, एक काळा डबा होता. तो ना फिरायचा, ना आवाज करायचा.

"हा करतो तरी काय?" दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने विचारलं.

"फुकटखाऊ आहे मेला!" कॉम्प्रेसर घरघरला. "मी ओळखत नाही, म्हणजे बिनकामाचाच."

"माहीत नाही" म्हणण्यापेक्षा पाना चालवणं सोपं. मेकॅनिकने डबा काढून फेकला आणि सरळ पाइप जोडला.

डबा गॅसमधली ओल मुकाट्याने पिऊन टाकायचा. आता ती कॉम्प्रेसरच्या पोटात गेली. उन्हाळा सरायच्या आत तो गंजून जाम झाला आणि भंगारात डब्याशेजारीच येऊन पडला.

एका गिऱ्हाइकाने त्याला पायाने उलटवलं. "हे काय असतं?"

"कुणास ठाऊक!" दुसरा म्हणाला. "बिनकामाचं दिसतंय."