सोनबाचा लाल ठिपका

गाव कुठलं ते विचारू नका, तुमच्याच गावच्या पलीकडचं समजा. त्या गावात सोनबा नावाचा एक भोळा चितारी होता. गोष्टींच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. हात फार सुरेख. डोक्याचं पुढं कळेलच, घाई नको.

"लिहिलं असेल तेवढंच काढायचं," असं प्रकाशकानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. झालं. 'म्हातारी लुगडं नेसून बाजारात गेली' असं लिहिलं, की सोनबा म्हातारी काढायचा, लुगडं काढायचा, बाजार काढायचा. चपला काढायचा नाही. ऐन उन्हात म्हातारी अनवाणी. विचारलं तर म्हणायचा, "लिहिलं नव्हतं." एकदा सांगितलेलं सोनबा कधी विसरत नसे. तेच तर दुखणं होतं.

त्याच गावात तात्या डोईफोडे मंडपवाले राहायचे. त्यांची मुलगी केशर. केशरला सोनबा आवडायचा आणि सोनबाला केशर आवडायची. का आवडायचा म्हणून केशरला मैत्रिणी विचारायच्या. ती म्हणायची, "खोटं बोलायला डोकं लागतं. हा कधी बोलणार नाही." तात्यांना मात्र हे पटेना. ते म्हणाले, "म्हाताऱ्या काढणाऱ्याला मी पोरगी कशी देऊ? पाहुण्यांना काय सांगू? शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात याचं चित्र लागू दे, मग लग्न. मंडप माझा, जेवण माझं. दिवाळीपर्यंत नाही लागलं, तर दुसरा मुलगा बघणार."

आली का पंचाईत? सोनबानं जन्मात प्रदर्शन बघितलेलं नव्हतं. केशर म्हणाली, "आधी जाऊन बघून ये. तिथली माणसं कशी वागतात ते शीक."

सोनबा गेला. मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, आणि एका भिंतीवर दाराएवढं चित्र. चित्रावर धूळ बसलेली. सोनबाला वाईट वाटलं. एवढी शिकलेली माणसं, पण घरात बाईमाणूस नसावं. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि चित्र स्वच्छ पुसून काढलं. ती धूळ चित्रकारानं वर्षभर खपून बसवली होती. सोनबाला दंडाला धरून बाहेर काढलं. पंचा ठेवून घेतला. म्हणाले, आता चित्र त्यात आहे.

केशरनं ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, तिथल्या कशाला हात लावायचा नसतो. लांब उभं राहायचं, हात पाठीमागं बांधायचे, बघायचं आणि म्हणायचं, छान आहे."

"बरं," सोनबा म्हणाला.

पुढच्या प्रदर्शनात तो हात पाठीमागं बांधूनच शिरला. तिथला रखवालदार शिडीवर चढून दिवा बदलत होता. शिडी घसरली. रखवालदार छताच्या हुकाला लोंबकळला. "ए, शिडी लाव," तो म्हणाला.

सोनबा लांब उभा राहिला. बघितलं. "छान आहे," म्हणाला.

त्याला तसं उभं बघून मागं दोन बायका येऊन थांबल्या. मग एक दाढीवाला थांबला. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली, सगळ्यांचे हात पाठीमागं. "मला खाली घ्या," रखवालदार म्हणाला.

"काय म्हणतोय?" एकीनं विचारलं.

"मला खाली घ्या म्हणतोय," दाढीवाला म्हणाला. "समाजाला उद्देशून आहे."

"छान आहे," सोनबा म्हणाला. सगळ्यांना पटलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रखवालदाराचा हात सुटला आणि तो पडला, तेव्हा आणखी टाळ्या पडल्या. पाय मुरगळलेला रखवालदार उठून सोनबाच्या मागं लंगडत धावला, तो थेट एसटी स्टँडपर्यंत.

"अरे देवा," केशर म्हणाली. "चित्र कुठलं आणि माणूस कुठला, एवढं कळत नाही तुला? चित्राशेजारी भिंतीवर चिठ्ठी असते. चिठ्ठी असेल ते चित्र. त्याला हात लावायचा नाही. चिठ्ठी नसेल ते चित्र नव्हे. तिथं अडलेल्याला मदत करावी, पडलेलं उचलावं. चार माणसांसारखं वागावं."

"बरं," सोनबा म्हणाला. हे सोपं होतं.

तिसऱ्या प्रदर्शनाला तो निघाला तेव्हा पिशवीत एक चित्र होतं. प्रकाशकानं त्याच दिवशी तोंडावर फेकलेलं. त्याची हकीगत पुढं येतेच. दिवाळी तोंडावर आली होती आणि सोनबाचा जीव टांगणीला लागला होता.

आत शिरताच त्याला एका दारावर चिठ्ठी दिसली. 'नळ बिघडला आहे. वापरू नये.' सोनबानं हात पाठीमागं बांधले. बराच वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाला. पुढं हॉलच्या मधोमध मोडक्या खुर्च्या, फुटकी कौलं आणि फाटकी गादी यांचा ढीग पडला होता. सोनबानं ढिगाभोवती फिरून बघितलं. चिठ्ठी नव्हती. म्हणजे होती, पण ती पार समोरच्या भिंतीवर, खांबाआड. ती कोण बघतो?

सोनबानं बाह्या सरसावल्या. कौलं भिंतीला नीट रचून ठेवली. खुर्च्यांपैकी दोन चांगल्या ठोकून उभ्या केल्या. गादी उन्हात टाकली. बाहेर भंगारवाला हाक देत चालला होता, त्याला बोलावून उरलेलं देऊन टाकलं आणि बदल्यात हॉलसाठी एक चांगली बादली घेतली. मग दुरुस्त केलेल्या खुर्चीवर बसून घाम पुसत होता, तेव्हा प्रदर्शनाच्या बाई आल्या. शाल्मलीबाई म्हणून होत्या, तिथला सगळा कारभार बघणाऱ्या. त्यांनी हॉलकडं बघितलं. बादलीकडं बघितलं. मग सोनबाकडं बघितलं.

"राहू द्या," सोनबा म्हणाला. "आभार कसले त्यात."

बाईंनी दार लावून घेतलं. कलेचा एखादा तुकडा तरी सापडेल म्हणून सोनबाच्या पिशवीची झडती घेतली, ती उलटी केली. त्यातून ते चित्र पडलं. कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत काळाकुट्ट. दुसरं काही नाही.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"राजा आहे. रात्री जंगलात शिकारीला गेलाय."

"राजा कुठं दिसतो?"

"कसा दिसेल?" सोनबा म्हणाला. "अंधारात काहीच दिसत नव्हतं, असं लिहिलंय."

"जंगल?"

"त्याच्या आजूबाजूला."

बाई खाली बसल्या. सोनबानं ठोकलेल्या खुर्चीवरच. मग त्यांनी आतून दोन चष्मेवाल्यांना बोलावलं. चष्मेवाले चित्राच्या जवळ गेले, लांब गेले, परत जवळ आले. एकाचे डोळे भरून आले. दुसरा म्हणाला, "यानं चित्रातून चित्र काढून टाकलंय." प्रकाशकही नेमकं तेच म्हणाला होता, पण शिव्या देऊन. शहाण्यांचं असं असतं बघा.

थोडक्यात, राजा भिंतीवर लागला. दिवाळीच्या आत. केशरला इतका आनंद झाला की ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता शेवटचं सांगते. स्वतःच्या डोक्यानं काही करू नकोस. कळलं नाही, की बाईंना विचार. त्या सांगतील ते पक्कं धरून चाल."

"बरं," सोनबा म्हणाला.

प्रदर्शनाला तात्या स्वतः आले, फेटा बांधून. काळ्या कागदासमोर उभे राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आजूबाजूची मंडळी माना डोलावत होती. आपल्यालाच दिसत नाही असं चारचौघांत कसं म्हणायचं? तात्या खाकरले. "राजा तब्येतीनं बरा वाटतोय," म्हणाले. "घोडा जरा वाळलाय." आणि तिथल्या तिथं लग्न पक्कं केलं.

संध्याकाळी सोनबानं बघितलं, तर चित्राच्या चिठ्ठीवर कोणीतरी लाल ठिपका चिकटवलेला. त्याचा हात वळवळला. पण केशरचं आठवलं. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि बाईंना विचारलं.

बाई आता त्याला 'सोनबाजी' म्हणत होत्या. त्या म्हणाल्या, "लाल ठिपका लागला म्हणजे ते गेलं. कोणीतरी घेतलं. आता ते दुसऱ्या कोणाला मिळत नाही, मग तो कितीही मोठा असो. पण लगेच न्यायचं नसतं. प्रदर्शन संपेपर्यंत लोकांना बघू द्यायचं. संपलं की आम्ही कागदात गुंडाळून ज्याचं त्याच्या घरी पोचवतो."

तेवढ्यात एक भारदस्त गृहस्थ लगबगीनं आले. राजा त्यांना हवा होता. ठिपका दिसताच थांबले, हात जोडले. "उशीर झाला आम्हाला," म्हणाले. "ज्यांनी नेलं ते भाग्यवान." आणि निमूट निघून गेले. सोनबाला त्यांचं वागणं फार आवडलं. खानदानी माणूस.

मग लग्न आलं. लग्नाच्या दिवशी सकाळपासून नवरानवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, अशी तात्यांच्या घरची रीत. म्हणजे त्या दिवशी सोनबाला शिकवायला कोणीच नव्हतं. आता तुम्हीच बघा, एवढी काळजीची रीत दुसरी असेल का?

तात्यांनी मंडप घातला तो तालुक्यात नाही असा. पांढरे पडदे, झगमग दिवे. सोनबा मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. मधे अंतरपाट, पलीकडं केशर. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली आणि अंतरपाट दूर झाला.

सोनबानं बघितलं. पांढरा पडदा. त्यापुढं केशर, हिरवा शालू, हातात हार. शेजारी पडद्याला पाटी, पाटीवर केशरचं नाव. चिठ्ठी असेल ते चित्र. सोनबा मागं सरला, हात पाठीमागं बांधले. "छान आहे," म्हणाला.

बायका हसल्या. केशर हसली नाही, तिला धडकी भरली.

मग सोनबाची नजर वर गेली. एरवी केशर बारीक काळी टिकली लावायची. आज मावशीनं तिच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं होतं. गोल. लालभडक.

सोनबाचा चेहराच उतरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढी प्रदर्शनं पालथी घातली, आणि ऐन वेळी हे. पण सोनबा खानदानी वागायचं शिकला होता. त्यानं हात जोडले. "उशीर झाला आम्हाला," म्हणाला. "ज्यांनी नेलं ते भाग्यवान." आणि पाटावरून उतरून चालू लागला.

तात्यांनी त्याचा शेला धरला. "कुठं निघालास?"

"गेलं की हो तात्या. ठिपका लागलाय. कोणीतरी घेतलं."

"अरे बैला, तूच घेतलीस. तुझ्याच नावाचा ठिपका आहे तो."

"माझ्या?"

"मग काय माझ्या?"

सोनबानं डोळे पुसले. एवढा आनंद त्याला राजा भिंतीवर लागला तेव्हाही झाला नव्हता. "मग काही प्रश्नच नाही," म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला.

"आता कुठं?" तात्या ओरडले.

"घरी. प्रदर्शन संपेपर्यंत हलवायचं नसतं. मंडळी लांबून आली आहेत, त्यांना बघू द्या. संपलं की कागदात गुंडाळून पोचती करा." मग मंडपाच्या दारातून वळून म्हणाला, "कोपरे तेवढे सांभाळा."

आणि गेला. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. भटजींनी पोथी मिटली. तात्या मटकन खाली बसले. केशरनं शालूचा घोळ एका हातात धरला, दुसऱ्या हातात हार घेतला आणि भर दुपारी रस्त्यानं निघाली. तिच्यामागं मावशी, मावशीमागं भटजी, त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड.

सोनबा घरात स्टुलावर चढला होता. तोंडात खिळा, हातात हातोडी. भिंतीवर एक खिळा ठोकून झाला होता. केशरनं वर हात करून त्याच्या गळ्यात हार टाकला. वऱ्हाडानं उरलेल्या अक्षता उधळल्या. लग्न लागलं एकदाचं.

सोनबानं तोंडातला खिळा काढला आणि तिच्याकडं नीट बघितलं.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "जरा भिंतीला टेकून सरळ उभी राहा. दुसरा खिळा कुठं मारायचा ते कळत नव्हतं. एका खिळ्यावर तुझं वजन पेलायचं नाही."