हैबतबाबाची तहान

एक होता दगड. हसताय काय? राजाच्या गोष्टी रोजच ऐकता, आज दगडाची ऐका.

हा दगड उभा होता डोंगरावरच्या उंबरटेक गावात, चावडीपुढे. त्यावर हैबतबाबा कोरलेला होता. हातात तलवार आणि पायाशी पडलेली माणसं. म्हणजे सगळे तसं म्हणायचे, दिसत काहीच नव्हतं. दरवर्षी तेल, दरवर्षी शेंदूर. थरावर थर चढून बाबाचं नाकसुद्धा बुजलं होतं! हैबतबाबा झरा राखायला लढला, चोरांना मारता मारता मेला, असं गावात सांगत. त्याच्या वंशाच्या घरात नवी सून आली की पहिल्या दसऱ्याला तिनं बाबाला तेल-शेंदूर लावायचा. मग ती घरची झाली.

तर त्या घरात सून आली भिवरा. डोंगराखालच्या तळवडीची पोर. आणि तळवडीला गोष्ट वेगळी सांगत, बरं का. तिथं म्हणत, झरा दोन्ही गावांचा होता. तेव्हाच्या राजाला आपल्या बागेत कारंजं हवंसं झालं, म्हणून त्यानं बांध घालून पाणी अडवलं. तळवडीची माणसं पाणी मागायला वर गेली, ती परत आलीच नाहीत. भिवराचा पणजा, म्हणजे तिच्या आईचा आजा, त्यांतलाच. तेव्हापासून तळवडीच्या बायका लांब नदीवरून पाणी आणत. ऊन मी म्हणत असायचं आणि पाय पोळत असायचे.

दसरा आला. वाजंत्री वाजली. भिवरा तेलाची वाटी घेऊन दगडापुढे उभी राहिली, आणि तिचा हात काही पुढे होईना. लावावं तर पणज्याला काय वाटेल? न लावावं तर सासरचं दार बंद. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, लाव की,” सासू म्हणाली. “घरचा मूळपुरुष आहे.”

“आत्याबाई, माझा हात धजत नाही.”

मग सासूनं वाटी ओढून घेतली आणि स्वतःच तेल ओतलं. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावं तसं ते खाली गेलं. मग सासऱ्यानं ओतलं. तेही गेलं. मग नवऱ्यानं ओतलं. थेंब टिकेल तर शपथ! लोक कुजबुजायला लागले. सासरा कडाडला, “ही अवलक्षणी आली आणि बाबा रुसला. पाठवा हिला माहेरी!”

तेवढ्यात भिवराच्या कानाशी कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “पाणी.” दगडच बोलला, बरं का.

भिवराला असा राग आला! माझ्या पणज्याला पाणी दिलं नाहीस, आणि आता मागतोस होय? पण तहानलेल्याला नाही म्हणणं तिला जमायचंच नाही. तिनं कळशी आणली आणि एक ओंजळ ओतली. दगडानं ती पिऊन टाकली. मग दुसरी ओतली. तीही प्याला. मग तिसरी ओतली मात्र, शेंदराची सगळी खोळ तडकली आणि धप्पकन खाली पडली. आत दिसला हैबतबाबा. पायाशी ती माणसंही दिसली. त्यांच्या हातांत तलवारी नव्हत्या. घागरी होत्या.

सगळं गाव पुढे सरकून बघायला लागलं. मग दगड सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “राजानं सांगितलं, चोर आलेत. घागरी मला दिसल्या होत्या. तरी मी हात थांबवला नाही. तेव्हापासून घसा कोरडा पडलाय, आणि तुम्ही आपले तेल पाजताय!”

सासरा हात जोडून पुढे आला. म्हणाला, “मग तुमचं आम्ही करायचं काय, बाबा? टाकून देऊ?”

“ते या पोरीला विचारा.”

भिवरानं घाई केली नाही. घागरींकडे बघितलं, बाबाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, “मामंजी, टाकायचं नाही. बाबा आपले आहेत. पण शेंदूर नको, त्यानंच घागरी झाकल्या. झऱ्यावरचा बांध फोडा आणि बाबांना तिथं उभं करा. सगळ्यांना सगळं दिसू दे. तहान लागली तर पाणी देऊ.”

मग सगळ्यांनी दगडाला हात लावला. एवढा थोरला दगड, पण सुपासारखा हलका झाला! तो झऱ्याकाठी नेऊन उभा केला. मग बांध फुटला, आणि पाणी खळखळत तळवडीला निघालं.

दुसऱ्या दिवशी तळवडीच्या बायका पाण्याचा माग काढत वर आल्या. कुणी बाबाला ओंजळभर पाणी घातलं, कुणी नाही घातलं. न घालणारीला कुणी काही बोललं नाही. मग आली भिवराची आई. तिनं दगडातल्या घागरवाल्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांना पाणी घातलं. मग बाबाच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग ओंजळ पुन्हा भरून तिनं ती वर, हैबतबाबाच्या ओठांशी नेली.

सासूनं ते पाहिलं. तिनं भिवराचा हात धरला आणि तिला घरात नेलं. दोन्ही गावं एका झऱ्याचं पाणी प्यायली आणि सुखानं नांदली. चला, तांब्या उशाशी आहे. घोटघोट पाणी प्या, आणि मिटा डोळे.