पहाऱ्याची फांदी

ज्याचं लक्ष सगळीकडे असतं, त्याला 'तुझं लक्षच नसतं' असं का म्हणतात? मुलांनो, हा प्रश्न एका लहानशा पक्ष्यानं सगळ्यांना विचारला होता.

तो पक्षी एका जंगलात, बांबूच्या बेटाजवळ राहणाऱ्या सातभाई पक्ष्यांच्या थव्यातला. त्यांची रीत अशी, की सगळे खाली किडे टिपत असताना एकानं उंच फांदीवर बसून पहारा करायचा. सूर्य उगवल्यापासून माथ्यावर येईपर्यंत. या पक्ष्याचा, म्हणजे धाकट्याचा, थोरला भाऊ पहाऱ्याला बसला, की गवतातला साप आणि ओढ्यापलीकडचा शिकारी पक्षी शिक्रा सर्वांत आधी त्यालाच दिसे. पण थोड्या वेळानं एखादं पान हले, फुलपाखरू उडे, आणि तो फांदी सोडून त्याच्यामागे जाई. मग सगळे त्याच्यावर तुटून पडत. "पंखांत मुंग्या शिरल्या का रे? पिल्लू होतास तेव्हा ठीक होतं. आता एवढा बाप्या झालास!"

धाकटा म्हणे, "दादाला थोडा थोडा वेळ बसवा ना. मधेमधे मी बसेन."

"मग उद्या सगळेच मागतील," थव्याचा म्होरक्या म्हणे. "मनावर घेतलं तर जमतं."

पिल्लं पहिल्यांदा घरट्याबाहेर आली, त्या सकाळी नेमकी थोरल्याची पाळी होती. काही वेळानं वरून हाक आली, "मला उतरवा! डोळे पळायला लागलेत."

"गप बस," म्होरक्या म्हणाला.

पुन्हा हाक आली. "आलोच दादा! एवढी वाळवी संपवतो," धाकटा म्हणाला. पण वाळवीमागे दुसरी रांग होती, रांगेमागे एक भुंगा. धाकटा विसरला.

"अरे, कुणीतरी या!" तिसरी हाक आली. कुणी गेलं नाही. थोरल्याची नजर एका चकाकत्या कोळिष्टकाकडे वळली, आणि तेवढ्यात गवतावरून शिक्र्याची सावली सरकली. तीही आधी त्यालाच दिसली. ओरडायला वेळ नव्हता. तो सरळ खाली झेपावला आणि शिक्र्याच्या व एका पिल्लाच्या मधे पडला. पिल्लू काटेरी झुडपात शिरून सुटलं. थोरला सुटला नाही.

"शेवटी लक्ष उडालंच त्याचं," सगळे म्हणाले.

"तीन वेळा सांगितलं होतं त्यानं!" धाकटा किंचाळला. "तुम्ही ऐकलं नाही. आणि मी ऐकूनसुद्धा गेलो नाही."

ते वाचलेलं पिल्लू पुढे मोठं झालं. त्याचाही पाय एका जागी ठरत नसे. त्याची पहाऱ्याची पहिली पाळी आली, तेव्हा धाकटा कुणालाही न विचारता त्याच्याशेजारी जाऊन बसला.

"काका, तुम्ही उपाशी राहाल की."

"राहू दे. डोळे पळायला लागले की सांग."

थोड्या वेळानं ते पुटपुटलं, "पळाले."

"जा, खाऊन ये," असं म्हणून धाकट्यानं त्याची जागा घेतली आणि आभाळाकडे नजर लावली.

तात्पर्य : ज्याला फार वेळ बसवत नाही, त्याला थोडा वेळ बसवावं; आणि तो 'उतरवा' म्हणाला, की चोचीतला घास टाकून आधी वर जावं.