न चावणारा राजा

फार जुन्या काळी बांबूच्या रानात गजमल्ल नावाचा हत्ती राजा झाला आणि त्याला चावणं कमीपणाचं वाटू लागलं. "चावायला मी काय बैल आहे?" तो म्हणे. मग लाळघोटी माकडं कोवळे कोंब दगडावर वाटून देत आणि महाराज नुसते गिळत.

म्हातारी हत्तीण सावळी झाडाची सालं दाढांनी कडाकडा फोडत म्हणाली, "बाबा, जबडा चालला तर डोकं चालतं."

"डोक्याला दात असतात होय गं म्हातारे?" तो फिसकन हसला. माकडंही हसली.

हळूहळू त्याला पिल्लांची नावं आठवेनात. पुढे दुष्काळ पडला, नदी आटली. डोंगरापलीकडचा डोह राजाने आणि सावळीनेच पाहिलेला. तहानलेला कळप राजापुढे आला. त्याने खूप आठवून पाहिलं, पण डोक्यात सगळा लगदा झालेला.

"उत्तरेला चला," तो म्हणाला.

"वा महाराज!" माकडं ओरडली.

"नाही, दक्षिणेला!"

"वा महाराज!"

सावळी पूर्वेला, डोंगराकडे निघाली आणि सारा कळप तिच्यामागे गेला.

"अरे, राजा मी आहे!" गजमल्ल ओरडला.

"आहेस की," ती मागे न बघता म्हणाली, "पण मागूनच ये. पुढे चाललास तर हरवशील."