जालमचा पाय

“पण यातला तिचा माग कुठला, बाबा?”

उंट पाळणाऱ्या करमण रबाऱ्याचा आवाज चिरकला. तळ्याकाठच्या ओल्या वाळूत तो गुडघ्यांवर बसला होता. आजवर या माणसानं कुणाला माग विचारला नव्हता. लोकच त्याच्याकडे यायचे, आणि तोही मिशीवर ताव देऊन सांगायचा.

आज त्याची सांडणी विणार होती. पाणी पिऊन कळप पांगला आणि ती आडोसा शोधत एकटीच कुठंतरी निघून गेली. यंदाची तीन पिल्लं जन्मल्यावर उभीच राहिली नव्हती. आईच्या सडापर्यंत तोंड पोचण्याआधीच गेली. हे चौथं हातानं धरून उभं करायचं, असं करमणनं ठरवलं होतं.

बाभळीखाली जुम्मा फकीर आपली वाकळ शिवत बसले होते.

“माग काढण्यात तुझा हात कोण धरणार?” ते म्हणाले. “वाच की.”

“तीन उंट एकेकटे गेलेत, तीन वाटांनी. तिघांचाही मागचा डावा पाय आत वळलेला... तिचाही तसाच आहे.”

“कुणाचा हा पाय?”

“जालमचा. माझा वळू.” एवढ्या काळजीतही त्याची मान ताठ झाली. “अख्ख्या मुलखात असा नर नाही. बारा वर्षं कळपात दुसरा शिरू दिला नाही मी.”

“तुझे वडील दर चार वर्षांनी शेजारच्या कळपाशी वळू बदलायचे.”

“शेजाऱ्यांचे वळू खुजे, बाबा. सोनं देऊन पितळ कशाला घ्यायचं?”

“ही सांडणी कुणाची?”

“जालमची लेक.”

“आणि पोटातलं पिल्लू?”

“...जालमचंच.”

“वडिलांच्या वेळी माग ओळखू यायचे?”

“साठच्या साठ. मी एवढासा होतो, तरी मला...”

त्याची नजर वाळूतल्या तिन्ही मागांवरून फिरली.

दूर कुठंतरी सांडणी ओरडली. वाऱ्यात दिशा कळेना. करमण ताडकन उठला. एका वाटेनं चार पावलं धावला, परतला, दुसरीला लागला, पुन्हा परतला. शेवटी त्यानं फकिरांचे पाय धरले.

“पाया पडतो, बाबा. उशीर होतोय. कुठल्या मागानं जाऊ?”

फकिरांनी दातानं दोरा तोडला. वाळूकडे पाहिलं.

“कुठल्याही मागानं जा, करमण... उंट एकच आहे.”