बोडक्या डोक्याचा चिटणीस

“पण वस्ताद, उद्या फेटा बांधायला तुम्ही येणार का न्हाई?”

हिंदुराव वस्ताद मांडीवरच्या जुन्या चामडी फुटबॉलला तेल चोळत राहिले.

उत्तम समोर उभाच होता. माणूस मोठा झाला की गुरूपुढं बसायचं आधी विसरतो.

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीला फुटबॉलचा संघ. मोरबाग तालमीचा संघ कोच म्हणून उत्तमनं लई वर्षांनी फायनलला नेला होता. रीत अशी, की फायनलच्या दिवशी शिट्टी वाजायच्या आधी, भर मैदानात, वस्तादांनी कोचच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधायचा. त्या फेट्यातला फोटो मग तालमीच्या भिंतीवर लागतो. तिथं एकदा लागला की माणूस मेला तरी पेठेतून जात नाही.

भिंतीवर सगळे असेच फेट्यात बसलेले. कोच, आणि त्यांच्याबरोबर मानाचा फेटा मिळालेले चिटणीस, पंच. कुणी पोरांना पहाटे उठवून पळवलं, कुणी चिखलात फक्कीनं रेघा आखल्या, कुणी भांडणं मिटवता मिटवता डोकं फोडून घेतलं. एकेकाच्या मिशा, एकेकाचा तुरा.

बोडक्या डोक्याचा फोटो एकच. दत्तोबा चिटणीसांचा. आणि ताजा हार नेमका त्यालाच.

“इंद्रजित कुठाय?” वस्तादांनी विचारलं. मोरबागचे गोल मारायचा तो इंद्रजितच.

“घरी. झोपलाय.”

“दुपारचा?”

“सेमीफायनलला डोक्यावर डोकं आपटलं त्याचं. जरा भोवळ आली. आता टकाटक आहे.”

“उलट्या होत्यात म्हणं.”

उत्तमचा चेहरा जरा उतरला. “कोण म्हणालं?”

“त्याची आई आलती.”

“बायका घाबरत्यात, वस्ताद.”

बायका घाबरतात म्हणे! बायका बघतात. पण पेठेनं खांद्यावर घेतलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी?

“तिला म्हणाला, दोन-दोन चेंडू दिसत्यात.”

“मला पण म्हणाला. मी म्हटलं, मग दोन्ही मार लेका, गोल पण दोन होतील!”

उत्तम मोठ्यानं हसला. तालमीच्या दगडी भिंतींत ते हसू घुमलं आणि एकटंच परत आलं.

वस्ताद हसले नव्हते.

बाहेर गल्लीत हलगी सुरू झाली. फायनल उद्या, पण पोरांच्या अंगात ती आजच शिरली होती. “उत्तमदादा... नाद खुळा!” अशी आरोळी उठली. उत्तमची मान आपोआप ताठ झाली.

“आण इकडं फेटा,” वस्ताद म्हणाले. “आधी माप बघू.”

“फेट्याला कसलं माप, वस्ताद?”

“फेट्याला नसतंय. डोक्याला असतंय. बस खाली.”

उत्तम बसला. वस्तादांनी चेंडू बाजूला ठेवला, फेट्याचं टोक त्याच्या दातांत दिलं आणि पहिला वेढा घेतला. बोटं म्हातारी, पण वेढा सुतासारखा सरळ.

“बोलू नको. टोक सुटंल... दत्तोबा बोडका का, म्हाईत आहे न्हवं?”

उत्तमनं मान हलवली. पेठेत कुणाला माहीत नव्हतं? फार मागं, फायनलच्या आदल्या दिवशी मोरबागच्या गोलकीपरचं डोकं सरावात खांबावर आदळलं. दुसऱ्या दिवशी त्याला धड उभं राहता येईना, आणि दुसरा गोलकीपर नव्हता. दत्तोबांनी संघ मैदानात उतरवलाच नाही. न खेळता हार पत्करली. चिडलेल्या पेठेनं मैदानाच्या दारातच त्यांच्या डोक्यावरचा रोजचा फेटा उपटला आणि पायाखाली तुडवला. त्यांनी पुन्हा कधी डोक्याला कापड लावलं नाही. फोटोलासुद्धा.

उत्तमला राहवलं नाही. दातांतलं टोक त्यानं सोडलं.

“एका गोलकीपरपायी अख्ख्या पेठेचं नाक कापलं त्यांनी!”

“व्हय,” वस्ताद म्हणाले. “आणि त्याच गोलकीपरनं तुला चेंडू खेळायला शिकवलं.”

उत्तमनं जीभ चावली. वस्तादांच्या कानामागं पांढऱ्या केसांत जुनी खोक होती. पोरपणी तो ती रोज बघायचा. मोठेपणी बघायचं राहून गेलं होतं.

“धर परत टोक.”

त्यानं धरलं. वस्तादांची बोटं क्षणभर त्याच्या कानशिलावर थांबली.

“शीर उडतीया तुझी.”

“उं...”

“कुणाला भितोस?”

उत्तमनं जोरात मान हलवली. कुणालाच नाही.

पुढचा वेढा कपाळावर आला नाही. डोळ्यांवर आला. त्यावर आणखी एक, आणि मागं गच्च गाठ.

“वस्ताद?”

“ऊठ. हौद्यात उतर.”

उत्तम चाचपडत कुस्तीच्या हौद्यात उतरला. लाल माती पायाला गार लागली. ह्या मातीत तो लहानाचा मोठा झाला होता, तरी आता तिचा काठ सापडेना.

“चेंडू मारतोय. डोक्यानं घे.”

“कुठनं मारताय?”

...

“वस्ताद, कुठनं?”

...

समोरून असेल म्हणून त्यानं हनुवटी खाली घेतली. मग वाटलं, मागून येईल. तो वळला. कुठंतरी काहीतरी खसपसलं. बाहेरची हलगी अचानक थांबली, आणि मग स्वतःच्या कानातलं रक्त तेवढं ऐकू यायला लागलं. आयुष्यभर ह्या कपाळानं चेंडू घेतले होते. पावसात, उन्हात, नाकातोंडातून रक्त येत असताना. कधी डोळा लवला नव्हता.

आत्ता मानेवरचे केस उभे राहिले.

“सांगा की वो... कुठनं येतोय?”

...

त्याचे हात आपोआप डोक्यावर गेले. मैदानात पेठेला नाचवणारा तो गडी, मार खाणाऱ्या पोरासारखा मातीत आक्रसून बसला.

“मारू नका!”

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

काहीच आलं नाही. बराच वेळ. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी फेटा वर ओढून काढला.

वस्ताद होते तिथंच बसले होते. चेंडू मांडीवर. तेल चोळणं चालू.

“तुम्ही मारलाच न्हाई...”

“न्हाई.”

“मग?”

“इंद्रजितला उद्या मारतील.”

उत्तम मातीतच बसून राहिला. त्यानं मूठभर माती घट्ट धरली, तर मातीच बोटांतून गळायला लागली.

हलगी पुन्हा वाजली. आता ती तालमीकडंच येत होती.

“वस्ताद, इंद्रजितला बसवला तर आपण हरणार.”

“हरू.”

“तुम्हाला सोपं आहे म्हणायला! मागल्या साली सेमीफायनल हरलो, तर माझ्या दारावर दगड पडले. बायको आत होती, पोरगी आत होती. पलंगाखाली लपवलं पोरीला. आणि दगड मारणारी परकी न्हवती, आपलीच होती. हीच, जी आता हलगी वाजवत्यात...”

त्यानं मुठीतली उरलेली माती खाली टाकली.



“मला भ्या वाटतंय, वस्ताद.”

“आता माप मिळालं,” वस्ताद पुटपुटले.

बाहेरून दारावर थापा पडल्या. “दादा, चला! मिरवणूक थांबलीया! इंद्याला पण उठवून आणलाय!”

उत्तम धडपडत उठला. दाराच्या फटीतून बघितलं. चौघांच्या खांद्यांवर इंद्रजित बसला होता, गुलालानं माखलेला. हसत होता बापडा. पण दुपारचं ऊन डोळ्यांना सोसत नव्हतं त्याला. एक हात कपाळावर आडवा धरलेला, आणि मान एका बाजूला कलत चाललेली.

“वस्ताद... आता ह्यांच्यासमोर, असं दारात उभं राहून मी सांगितलं, तर उद्याची वाट बघायची न्हाईत ही. हितंच तुडवतील मला.”

वस्ताद काठी टेकत उठले. मातीत पडलेला गुलाबी फेटा त्यांनी उचलला, झटकला, नीट घडी केली आणि आपल्याच काखेत मारला. उत्तमला दिला नाही.

मग बोडक्या डोक्यानं उभ्या असलेल्या आपल्या शिष्याकडं त्यांनी एकवार बघितलं, आणि कडीला हात घातला.

थापा वाढल्या. दार हादरायला लागलं.

“दत्तोबाच्या शेजारी,” कडी काढता काढता वस्ताद म्हणाले, “एक खिळा मोकळा आहे.”